दुर्री कुठे आहे? ब्रिजमध्ये भिडूशी पानांतून बोलायला शिकताना

इंदुरात पत्ते खेळायला बसलं की निम्मी भांडणं भाषेची. आपण मराठी माणसं हुकूम म्हणतो ते बोलीत ठरलेल्या रंगाला. हिंदीत 'हुकुम' म्हणजे सरळ इस्पिक. आपलं पान म्हणजे बावन्नातलं कुठलंही एक. हिंदीत 'पान' म्हणजे बदाम. मी ब्रिज शिकत होतो त्या वर्षी सुदामानगरातल्या एका घरी डाव रंगला होता. मी बराच वेळ विचार करत बसलो, तशा समोर बसलेल्या माझ्या भिडू, काकू, वैतागून म्हणाल्या, "अहो, टाका ना पान!" माझ्या डाव्या हाताचे गृहस्थ हिंदी बोलणारे. त्यांनी पत्ते पालथे ठेवले. "भाभीजी, आप तो पान बोल के मँगवा रही हो!"

हसून झालं, पण त्यांचा मुद्दा बरोबर होता. भिडूला हवा तो रंग तोंडाने सांगणं ब्रिजमध्ये चालत नाही. डोळ्याने, भुवईने, खोकून किंवा पान आपटूनही नाही. मेंढीकोटावर वाढलेल्यांना हे पचायला वेळ लागतो. सुट्टीत रामबागेत मामाकडे आम्ही भावंडं खेळायचो तेव्हा नाक खाजवलं की इस्पिक, कान ओढला की बदाम, हे पानं पिसायच्या आधीच ठरलेलं असायचं. समोरच्या जोडीचंही असंच काहीतरी ठरलेलं असायचं, त्यामुळे कुणी कुणावर रागावत नसे.

ब्रिजच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतला ७३वा नियम नेमका याच्या आड येतो. भिडूंनी एकमेकांशी बोलायचं ते फक्त बोलीतून आणि टाकलेल्या पानांतून. पान कसं टाकलं, किती रेंगाळून टाकलं यातून नाही. १९७५च्या बर्म्युडा बाऊल या जागतिक स्पर्धेत भिडूंना एकमेकांचे चेहरे दिसू नयेत म्हणून टेबलावर आडवा पडदा लावला होता, आणि त्याच स्पर्धेत दोघा खेळाडूंवर टेबलाखालून पायाने हालचाली केल्याचा ठपका आला. मग टेबलाखालीही आडोसा आला. माणूस शेवटी मेंढीकोटाचाच.

दुसरी अट याहून महत्त्वाची: खुणेचा अर्थ गुप्त ठेवता येत नाही. तुमच्या भिडूने बदामाची नव्वी टाकली आणि डिक्लेअररने, म्हणजे बोली जिंकून डाव खेळणाऱ्याने, विचारलं, "तुमच्यात याचा अर्थ काय?" तर खरं उत्तर द्यावं लागतं. खूण उघड, पानं झाकलेली, असा हा व्यवहार आहे.

खुणा हव्यात कशाला

बोली, डमी, उतारी, हुकूम एवढं तुम्हाला येतं असं मी धरून चालतो. रंग म्हणजे इस्पिक, बदाम, चौकट, किलवर यांपैकी एक, लाल-काळा नव्हे.

साधारण निम्मे डाव आपण बचावात असतो. डिक्लेअररला स्वतःचे तेरा आणि डमीचे, म्हणजे टेबलावर उघडे मांडलेले त्याच्या भिडूचे, तेरा असे सव्वीस पत्ते दिसतात. बचाव करणाऱ्यालाही सव्वीसच दिसतात, स्वतःचे आणि डमीचे. फरक एवढाच की त्याचे सव्वीस एका जोडीचे आहेत आणि आपले अर्धे शत्रूचे. भिडूचे तेरा अंधारात. त्या अंधारात थोडा उजेड पाडायचं काम लहान पानं करतात. एक्का-राजा हात करतात. दुर्री ते नव्वी ही मंडळी नाहीतरी कुणाच्या तरी पानाखाली मरणारच असतात, तर मरताना चार शब्द बोलून मरू देत.

मोठं पान आधी की लहान आधी, यालाच अर्थ द्यायचा. ही युक्ती ब्रिजच्याही आधीची, व्हिस्ट या जुन्या खेळाच्या काळातली. १८३४च्या सुमारास लॉर्ड हेन्री बेंटिंक यांनी ती काढली असं मानतात. गरज नसताना आधी मोठं आणि मग लहान पान टाकलं की अर्थ, भिडू, हुकूम उतर. जहाज बंदर सोडताना चढवतात त्या निळ्या झेंड्यावरून तिला ब्लू पीटर म्हणू लागले. आजही मोठं-मग-लहान टाकण्याला काही लोक पीटर म्हणतात.

पहिली खूण: आवड की नावड

टेबलावर सगळे हिला अ‍ॅटिट्यूड म्हणतात. नवशिक्याने महिनाभर फक्त हीच खूण खेळावी असं माझं मत आहे.

भिडूने एक रंग उतरला. हात त्याचंच पान करणार आहे किंवा डमीचं, तुम्हाला नुसतं त्या रंगाचं पान द्यायचं आहे. भिडूच्या मनात प्रश्न एकच: हाच रंग पुढे चालवू, की सोडू? मोठं पान दिलंत तर चालव, लहान दिलंत तर सोड. झालं.

ऐकायला इतकं सोपं वाटतं, आणि तरी मी यात कसा आपटलो ते सांगतो.

काँट्रॅक्ट चार इस्पिक, म्हणजे हुकूम इस्पिक आणि डिक्लेअररने दहा हात करायचे. उतारी माझी. माझ्या हातात बदामाचे एक्का, राजा, सत्ती, चव्वी. मी एक्का उतरला. डमी उघडली: बदामाची राणी, छक्की, तिर्री. डमीतून तिर्री पडली, काकूंनी पंजी दिली, डिक्लेअररने अठ्ठी. मी मनात म्हटलं, पंजी म्हणजे लहानच की. काकूंना बदाम नको आहे. आता राजा वाजवला तर डमीतली राणी मोकळी होईल. म्हणून मी चौकटीकडे वळलो. डिक्लेअररने हुकूम काढून घेतले, नंतर निवांत एक बदाम आणि एक किलवर सोडला आणि दहा हात मोजून दाखवले.

काकू काही बोलल्या नाहीत. पानं गोळा करताना एवढंच म्हणाल्या, "दुर्री कुठे होती?"

मी आठवायला लागलो. पंजीपेक्षा लहान पानं तीन. चव्वी माझ्याच हातात होती. तिर्री डमीतून डोळ्यांसमोर पडली होती. उरली दुर्री. ती डिक्लेअररकडे असेल तर त्याने ती लपवून अठ्ठी टाकली असं मानावं लागतं. काकूंकडे असेल तर त्यांनी दुर्री हातात ठेवून पंजी दिली, म्हणजे त्यांच्या दृष्टीने मोठं पान दिलं. आणि तसंच होतं. काकूंकडे बदामाची दोनच पानं होती, पंजी आणि दुर्री. गुलाम, दश्शी, नव्वी, अठ्ठी डिक्लेअररकडे. मी राजा वाजवला असता तर काकूंची दुर्री पडली असती, तिसरं बदाम त्यांनी हुकमाने मारलं असतं. एक्का, राजा, काकूंचा हुकूम, आणि माझ्या हातात किलवरचा एक्का होताच. चार हात, काँट्रॅक्ट खाली.

म्हणून आकडा बघू नका. पंजीही मोठी असू शकते आणि सत्तीही लहान. भिडूचं पान पडलं की स्वतःला विचारायचं, याहून लहान पानं कुठली, आणि ती मला दिसतायत का? माझ्या हातात, डमीत, या हातावर पडलेल्यांत? सगळी दिसली तर भिडूचं पान त्याचं सर्वांत लहान, म्हणजे नावड. एखादं गायब असेल तर कान टवकारायचे. गायब पान डिक्लेअररकडेही असू शकतं. हुशार डिक्लेअरर मुद्दाम दुर्री दाबून ठेवतो आणि आपला घोळ करतो. त्यावर पहिल्याच दिवशी उपाय शोधत बसू नका.

खूण देणाऱ्याचीही जबाबदारी आहे. आवड दाखवायची तर परवडेल तेवढं मोठं पान द्या. हातात नव्वी, छक्की, दुर्री असतील तर छक्की देऊन भिडूला कोड्यात टाकू नका, नव्वी द्या. मात्र तेच पान पुढे हात करणार असेल तर ते खुणेपायी उडवू नका. नवशिका उत्साहाच्या भरात दश्शी फेकतो आणि चौथ्या फेरीला डिक्लेअररची नव्वी हात करते, हे मी दर महिन्याला बघतो. नावड दाखवायची तर सर्वांत लहान, त्यात कंजुषी नाही.

इथेच एक खास प्रकार लक्षात ठेवा. भिडूने राजा पाठीशी ठेवून एक्का उतरला आणि त्यावर तुम्ही राणी टाकली, तर अर्थ ठरलेला: राणीसोबत गुलाम आहे, किंवा राणी एकटीच होती. दोन्ही बाबतींत भिडू पुढचं पान बिनधास्त लहान काढू शकतो. तो हात तुम्ही गुलामाने कराल, नाहीतर हुकमाने. म्हणून राणी आणि दुर्री अशी दोन पानं असताना खुणेच्या नादात राणी टाकू नका, भिडू फसेल.

दुसरी खूण: मोजणी

डिक्लेअररने एखादा रंग काढला की भिडूला आवड-नावड नको असते. डमीत राजा-राणी-गुलाम झळकत असताना तुम्हाला तो रंग आवडतो का, हे विचारणार कोण? त्याला हवा असतो आकडा: तुझ्याकडे या रंगाची पानं किती? सम असतील तर आधी मोठं, मग लहान. विषम असतील तर आधी सर्वांत लहान. चार असतील तर चारांतलं वरून दुसरं आधी द्यावं, म्हणजे मोठं दिसतं आणि फार महागही पडत नाही.

हिचा उपयोग कुठे होतो ते एका डावावर दाखवतो. हा डाव पत्ते मांडूनच बघा, वाचून अर्धाच कळेल.

काँट्रॅक्ट तीन नो ट्रंप, म्हणजे डावाला हुकूमच नाही. डमीत किलवरचे राजा, राणी, गुलाम, दश्शी, चव्वी, आणि डमीच्या बाकीच्या रंगांत हात करेल असं एकही पान नाही. डमीच्या पाठीमागे, म्हणजे डमीनंतर पान टाकायच्या जागी, तुम्ही. तुमच्याकडे किलवरचे एक्का, अठ्ठी, पंजी. डिक्लेअरर हातातून किलवर काढतो, आणि दुसऱ्या फेरीलाही आपल्या हातात येऊन तिथूनच काढतो असं धरा. तुमचा एक्का ही डमीच्या दारावरची कडी. कडी कधी उघडायची, पहिल्या फेरीला, दुसऱ्या की तिसऱ्या? बरोबर वेळ म्हणजे ज्या फेरीला डिक्लेअररचं शेवटचं किलवर संपतं ती. त्यानंतर डमीत किलवर कितीही असोत, तो तिथे पोचणार कसा?

बाहेर राहिली नव्वी, सत्ती, छक्की, तिर्री, दुर्री, एकूण पाच. ती भिडू आणि डिक्लेअरर यांच्यात वाटलेली. भिडूकडे दोन असतील तर डिक्लेअररकडे तीन. भिडूकडे तीन असतील तर डिक्लेअररकडे दोन.

पहिल्या फेरीला भिडू सत्ती देतो, दुसऱ्या फेरीला दुर्री. मोठं, मग लहान, म्हणजे सम, म्हणजे दोन. डिक्लेअररकडे तीन. तुम्ही दोन्ही वेळा एक्का धरून ठेवता आणि तिसऱ्या फेरीला घेता. डिक्लेअररला किलवरचे दोन हात मिळाले, डमीतली उरलेली दोन पानं बसली उपाशी. घाईने दुसऱ्याच फेरीला एक्का टाकला असता तर त्याच्या हातातलं तिसरं किलवर त्याला डमीत घेऊन गेलं असतं आणि एकूण चार हात देऊन गेलं असतं.

आता हेच उलट. भिडू आधी दुर्री देतो, मग तिर्री. लहान आधी, म्हणजे विषम, म्हणजे तीन. डिक्लेअररकडे दोनच. दुसऱ्या फेरीला एक्का टाका, त्याला एकच हात मिळेल. तिसरीपर्यंत थांबलात तर एक हात फुकट दिलात.

आणि पहिल्या फेरीला भिडूने तिर्री दिली तर? पुन्हा तोच प्रश्न, दुर्री कुठे आहे? या वेळी घाई नाही. पहिल्या फेरीला एक्का टाकायचाच नाही आहे, आणि दुसऱ्या फेरीला भिडूचं पान तुमच्या आधी पडणार. दुर्री पडली तर त्याच्याकडे दोन, वरचं काही पडलं तर तीन. असल्या डावात तुमच्या एक्क्याइतकीच किंमत भिडूच्या दुर्रीला असते, आणि मला स्वतःला ब्रिजमध्ये सगळ्यात गंमत इथेच वाटते.

हुकमाच्या रंगात मात्र बरेच लोक उलट मोजतात: हुकूम देताना मोठं-मग-लहान म्हणजे हुकूम तीन आहेत, आणि एखादा रंग मारायची तयारी आहे. पहिले काही महिने हे सोडून द्या.

तिसरी खूण: रंगाची शिफारस

हिचं नाव सूट प्रेफरन्स, जुने खेळाडू लॅव्हिन्थल म्हणतात. हाय लॅव्हिन्थल या अमेरिकन खेळाडूने ही १९३०च्या दशकात मांडली. हॅरल्ड वँडरबिल्ट या अमेरिकन माणसाने १९२५मध्ये आजच्या काँट्रॅक्ट ब्रिजचं गुणांचं गणित बसवलं होतं, म्हणजे खेळ तेव्हा अगदी कोवळा होता.

प्रसंग असा. हुकूम बदाम. तुमच्या भिडूने चौकटीचं एक पान उतरलं, आणि ते त्याचं एकुलतं एक आहे हे तुम्ही ओळखलंत. एक्का तुमच्याकडे, सोबत नव्वी, छक्की, दुर्री. एक्क्याने हात केलात, आता परत चौकट काढाल, भिडू ती हुकमाने मारेल. पुढे काय? त्याला अजून एक चौकट मारायची आहे, त्यासाठी हात पुन्हा तुमच्याकडे यायला हवा. तुमचा दुसरा एक्का इस्पिकचा की किलवरचा, हे त्याला कळणार कसं?

तुम्ही परत काढलेलं चौकटीचं पानच ते सांगतं. हुकूम आणि चालू रंग वगळा, उरले दोन, इस्पिक आणि किलवर. बोलीत इस्पिकचा मान वरचा, किलवरचा खालचा. मोठी चौकट, म्हणजे नव्वी, काढली तर वरच्या रंगात ये: इस्पिक. दुर्री काढली तर खालच्या रंगात: किलवर. दोन्हींत काही नसेल तर मधली छक्की. भिडू मारतो, तुमच्या दारी येतो, तुम्ही दुसरी चौकट देता, तो पुन्हा मारतो.

डमीत उतरलेल्या रंगाचं एकच पान निघालं तरी ही खूण कामाला येते. समजा हुकमाचा डाव आहे, भिडूने एक्का उतरला आणि डमीत त्या रंगाचं एकटं पान आहे. पुढची फेरी डमी हुकमाने मारणार हे सगळ्यांना दिसतंय, तेव्हा तुमची आवड-नावड विचारणार कोण? मग तुमचं पान सांगतं की बाकीच्या दोनांतला कुठला रंग काढ.

कुठली खूण केव्हा

इथे बहुतेक नवे भिडू भांडतात. एक म्हणतो, मी मोजणी दिली, दुसरा म्हणतो, मला वाटलं आवड. भांडण मिटवायचा साधा क्रम असा: भिडूने उतारी केली तर आवड-नावड. डिक्लेअररने रंग काढला तर मोजणी. आवड आणि मोजणी दोन्ही निरर्थक असल्याचं टेबलावर सगळ्यांना दिसत असेल, किंवा भिडूला मारायला पान देत असाल, तर शिफारस.

क्रम पाठ करण्यापेक्षा भिडूच्या खुर्चीत बसून बघा. या क्षणी त्याला काय कळत नाहीये? ज्याचं उत्तर त्याला आधीच दिसतंय ते सांगून उपयोग नाही. घरी बायको भाजीला काय आणू विचारते आणि आपण सराफ्यात गराडू आल्याचं सांगतो, तसं होतं.

अजून एक. खूण म्हणजे माहिती, हुकूम नव्हे. तुम्ही आवड दाखवलीत तरी भिडूला त्याच्या हातावरून दुसरी वाट बरी दिसत असेल तर तो तिकडे जाईल, आणि ते बरोबर आहे. काकू हे मला ऐकवतात तेव्हा मात्र मला राग येतो.

रंग संपल्यावर काय फेकायचं

डिक्लेअरर त्याचा लांब रंग वाजवत सुटतो आणि तुमच्याकडे तो रंग नाही. पहिलं फेकलेलं पान सगळ्यात जास्त बोलतं. साध्या पद्धतीत तेही आवड-नावड: एखाद्या रंगाचं मोठं पान फेकलं तर तो रंग मला हवा, लहान फेकलं तर नको.

अडचण अशी की हव्या रंगाचं मोठं पान फेकून खूण करायची म्हणजे त्याच रंगातला एक हात उडवण्यासारखं. किलवरचे राजा, गुलाम, नव्वी, तिर्री असताना नव्वी फेकावीशी वाटत नाही. अशा वेळी नको असलेल्या रंगाची दुर्री-तिर्री फेका, भिडू उरलेल्यांतून ओळखेल. मी तर नव्या लोकांना सांगतो की शक्यतो हेच करा. फेकलेल्या पानावरूनही लॅव्हिन्थल खेळणारे आहेत, विषम आकड्याला आवड मानणारेही आहेत. यांपैकी एक निवडा आणि भिडूला सांगा. दोघांनी वेगवेगळ्या निवडल्या तर डिक्लेअररला पेढे वाटावे लागतील.

खूण केव्हा करायची नाही

तिसऱ्या हाताने हात जिंकायचा प्रयत्न करायचा असेल तेव्हा खूण वगैरे काही नाही, जिंकायचं पान टाका. तिथे एकच नियम: हातात लागोपाठची पानं असतील तर त्यातलं खालचं टाका. राणी-गुलाम असतील तर गुलाम. उतारी करताना मात्र याच जोडीतलं वरचं, म्हणजे राणी. त्यामुळे तुम्ही गुलाम टाकून डिक्लेअररचा राजा बाहेर काढलात की भिडूला शंका येते, राणीही तिथेच असावी.

उतारीही बोलते, तिची एक सोपी किल्ली देतो. नो ट्रंपला भिडूने लांब रंगातलं वरून चौथं पान उतरलं असेल तर अकरातून तो आकडा वजा करा. त्याहून मोठी तितकी पानं बाकीच्या तीन हातांत. सत्ती उतरली, अकरा वजा सात, चार. डमीत राणी आणि अठ्ठी दिसतायत, तुमच्याकडे राजा आणि नव्वी. झाली चार. डिक्लेअररकडे सत्तीच्या वरचं एकही नाही. डमीतून लहान पान पडलं तर घाबरून राजा घालायची गरज नाही.

खूण डिक्लेअररही वाचतो हे विसरू नका. भिडूकडे एकही मोठं पान नसेल, सगळा बचाव तुमच्याच हातात असेल, तर तुमची प्रामाणिक मोजणी ऐकणारा फक्त डिक्लेअरर. तिथे गप्प बसा, म्हणजे पान कुठलंही द्या. हा विवेक यायला वर्ष लागतं, तोवर प्रामाणिकपणे खुणा करत राहा.

आणि रेंगाळू नका. दोन पानांपैकी कुठलं देऊ असा विचार करत बसलात तर त्या थांबण्यातूनच भिडूला काहीतरी कळतं, आणि तसं कळलेलं वापरायची त्याला परवानगी नाही. त्याने नंतर योग्य रंग काढला तरी समोरची जोडी तक्रार करणार, आणि तिचं चूक नसेल. मी त्या सुदामानगरच्या घरी पान हातात धरून बसलो होतो तेव्हा हाच गुन्हा करत होतो, हे मला पुढे कळलं. पहिल्या हाताला, डमी उघडल्यावर, हवा तेवढा विचार करून घ्या. पुढची पानं एका लयीत पडू देत.

उलट्या खुणा

आजकाल बऱ्याच जोड्या सगळं उलटं खेळतात: लहान पान म्हणजे आवड, मोठं म्हणजे नावड. फायदा असा की हव्या रंगातलं मोठं पान खुणेपायी खर्च होत नाही. पद्धत चांगली आहे. पण आधी सुलटं अंगवळणी पडू द्या, आणि बदललीत तर दोघांनी एकाच दिवशी बदला.

सराव

चौघं जमत नसतील तरी भिडूसोबत दोघांत होतो. एकाच रंगाची तेरा पानं काढा, पिसा, तीन उघडी मांडा ती डमी. चार तुम्ही घ्या, तीन भिडूला, उरलेली तीन बाजूला पालथी, ती डिक्लेअररची. भिडूने मनात आवड किंवा नावड ठरवायची आणि एक पान टाकायचं. तुम्ही फक्त एवढंच सांगायचं: याहून लहान पानं कुठली, आणि त्यातली किती मला दिसत नाहीत. मग आवड की नावड. उघडून बघा. पहिल्या दहांत माझे चार चुकले होते, आणि मी स्वतःला पट्टीचा समजत होतो.

एका कागदावर दोघांचं ठरलेलं लिहून ठेवा: उतारीला काय, डिक्लेअररच्या रंगाला काय, पहिल्या फेकीला काय. तीन ओळी पुरतात. क्लबात खेळायला गेलात तर तोच कागद समोरच्यांनाही दाखवता येतो.

डाव संपल्यावर चर्चा करा, पण टेबलावर पुढचा डाव वाटला जात असताना नाही. २०१८च्या जकार्ता आशियाई खेळांत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी ब्रिजच्या पुरुष जोडीचं सुवर्णपदक आणलं, तेव्हापासून आमच्या इमारतीत या बैठकीला कुणी जुगार म्हणत नाही. त्यामुळे आता रविवारी सकाळी जिन्यातही डावावर वाद घालायची सोय झाली आहे. आम्ही तो वाद पोह्यांपर्यंत थांबवून ठेवतो. काकू पोह्यांवर जिरावण भुरभुरतात, बशी माझ्या पुढे सरकवतात, आणि मी पहिला घास घेतला की विचारतात, "हं, चौथ्या डावात चौकटीची दुर्री कुठे होती?"